टोप्यांच्या ध्यासातून उभी राहिलेली पेढी

मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणे, आणि ‘पगडी’ म्हणजे दुकानाचा ताबा मिळावा म्हणून भाड्याव्यतिरिक्त मोजलेली रक्कम. डोक्यावर मानाने मिरवायच्या वस्तूंना आपल्या व्यवहारभाषेने असे अर्थ दिले आहेत. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाने ‘मला स्त्रियांच्या टोप्या घडवायला शिकायचे आहे’ असे जाहीर केले, तर कोणत्याही व्यापारी घरात क्षणभर शांतता पसरेल. आई वडिलांकडे पाहील, वडील दुकानाच्या चाव्यांकडे. लंडनमध्ये मात्र एका विद्यार्थ्याच्या याच ध्यासातून नामांकित पेढी उभी राहिली आहे. ती कशी, हे आपल्यासारख्या हिशेबी माणसांनी समजून घेण्याजोगे आहे.

फिलिप ट्रेसी यांचा जन्म १९६७ साली आयर्लंडच्या गॉलवे परगण्यातील अहास्क्रा या लहानशा गावी झाला. वडील बेकरीचा व्यवसाय करीत, भावंडे आठ. समोरच्या चर्चमध्ये लग्ने लागत आणि हा मुलगा वऱ्हाडाचे पोशाख न्याहाळत बसे. बहिणीच्या बाहुल्यांचे कपडे तो शिवी. मुलाने असले काम करावे हे विचित्र नाही का, असे एका शेजाऱ्याने विचारले तेव्हा, त्याला ज्यात आनंद वाटतो ते त्याने करावे, एवढेच वडील म्हणाले. फिलिप लहान असतानाच वडील गेले. परंतु हा प्रसंग ट्रेसी यांनी मोठेपणी मुलाखतीत आवर्जून सांगितला आहे.

१९८५ मध्ये फिलिप डब्लिनच्या राष्ट्रीय कला महाविद्यालयात दाखल झाला, तो फॅशन शिकण्यासाठी. टोप्या तो हौसेने करी, स्वतः तयार केलेल्या पोशाखांना जोड म्हणून. याच काळात सहा आठवडे त्याने लंडनमध्ये स्टीफन जोन्स यांच्याकडे उमेदवारी केली. या जोन्स यांची कथाही रंजक आहे. सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात शिकत असताना त्यांची शिलाई कच्ची होती, म्हणून त्यांना लाशास नावाच्या जुन्या वस्त्रगृहात अनुभवासाठी पाठवण्यात आले. तेथे टोप्यांचे दालन पाहून त्यांचे मन त्यातच गुंतले. दालनाच्या प्रमुख शर्ली हेक्स यांनी आधी एक टोपी करून दाखवण्यास सांगितले. जोन्स यांनी न्याहारीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर बहिणीच्या ब्लाउजचे कापड चढवले, वर प्लास्टिकचे फूल खोवले आणि प्रवेश मिळवला. १९८० मध्ये कॉव्हेंट गार्डन भागात त्यांनी स्वतःचे दुकान थाटले.

फिलिप १९८८ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी आला आणि पोशाख मागे ठेवून त्याने टोप्यांची निवड केली. पुढच्या वर्षी आपली एक टोपी घेऊन तो ‘टॅटलर’ मासिकाच्या कचेरीत गेला. हिरव्या फेल्टची, कडा मगरीच्या दातांसारख्या कापलेली ती टोपी तेथे काम करणाऱ्या इझाबेला ब्लो यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी आपल्या विवाहाच्या शिरोभूषणाचे काम त्या अनोळखी विद्यार्थ्याकडे सोपवले. १९९० मध्ये तो प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्यावर बेलग्रेव्हिया या श्रीमंत वस्तीतील आपल्या घराचे तळघरही त्यांनी त्याला कामासाठी दिले.

कर्जाचे अर्ज तपासण्यात उमेदीची वर्षे गेलेल्या माणसाची नजर येथे थबकते. मोक्याच्या ठिकाणी जागा, तीही पगडीशिवाय. आणि जिच्या डोक्याकडे सारे शहर पाहते अशी पहिली ग्राहक! बँकेच्या कोणत्याही नमुन्यात हे तारण म्हणून लिहिता येत नाही. तरीही माझ्या मते खरे भांडवल हेच होते.

कारण या धंद्याला यंत्रसामग्री फारच थोडी लागते. डोक्याच्या मापाचे लाकडी साचे, वाफेसाठी किटली, सुया, टाचण्या, तार आणि फीत. फेल्ट, म्हणजे नमद्यासारखे दाबून घट्ट केलेले कापड, वाफेवर मऊ करायचे, साच्यावर ताणून बसवायचे, दोरीने आवळायचे आणि सुकू द्यायचे. मग काठाला तार, आतून कपाळाला टेकणारी फीत, आणि टाके असे घालायचे की ते दिसू नयेत. कच्चा माल मोजका, तास मात्र पुष्कळ. किंमत ठरते ती हाताच्या कामाची. मागणीनुसार काम केल्यास माल पडून राहत नाही. मागणी मात्र लग्नसराई आणि घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम पाहून येते. जूनमधील रॉयल ॲस्कॉट शर्यतींच्या राजेशाही कक्षात स्त्रियांच्या शिरोभूषणाचा पाया निदान दहा सेंटिमीटर रुंद असावा, असा नियम २०१२ पासून आहे. अशा एका नियमावर किती कारागिरांचे घर चालत असेल, याचा अंदाज व्यापाऱ्याला वेगळा सांगायला नको. या कारागिरांना इंग्रजीत मिलिनर म्हणतात. फिती, हातमोजे असा माल आणणाऱ्या मिलान शहरच्या व्यापाऱ्यांवरून हे नाव पडले.

आपल्या घरांतून एक प्रश्न मात्र आधी विचारला जाईल, आणि तो विचारलाच पाहिजे: हे फेल्ट कशाचे? उत्तम फेल्ट सशाच्या केसांचे असते. पूर्वी बीव्हर या प्राण्याचे असे. पिसांचा इतिहास त्याहून वाईट आहे. एकोणिसाव्या शतकात टोप्यांवरील तुऱ्यांसाठी पक्ष्यांची बेसुमार कत्तल झाली. तिच्या विरोधात १८८९ मध्ये एमिली विल्यमसन यांनी मँचेस्टरजवळ स्त्रियांची संघटना उभारली. इंग्लंडची प्रसिद्ध पक्षीसंरक्षण संस्था तिच्यातूनच वाढली, आणि पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा १९२१ मध्ये झाला. तुरे मिरवणाऱ्या स्त्रियांच्याच समाजातून हा विरोध उभा राहिला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ट्रेसी यांच्या टोप्यांत पिसे भरपूर दिसतात, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु त्याच साच्यावर सिनामेही बसते. फिलिपाइन्समधील अबाका या केळीच्या जातीच्या झाडाच्या धाग्यांचे हे विणलेले कापड उन्हाळी टोप्यांसाठी सर्रास वापरतात. गवती वेण्यांच्या टोप्या तर जुन्याच आहेत. ही कला शिकू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा मार्ग मोकळा आहे. साहित्य निवडणारा हात त्यांचाच असतो.

तळघरातील पेढीचे पुढे काय झाले? १९९१ मध्ये शनेल या फ्रेंच वस्त्रगृहाचे कार्ल लागरफेल्ड यांनी अवघ्या तेवीस वर्षांच्या ट्रेसी यांना काम दिले. १९९४ मध्ये त्याच एलिझाबेथ स्ट्रीटवर त्यांचे दुकान उघडले. डेबनहॅम्स या दुकानांच्या साखळीसाठीही त्यांनी सामान्य ग्राहकाला परवडणाऱ्या टोप्या केल्या. काही कलावंतांना असे करणे कमीपणाचे वाटते. मला तो उत्तम व्यापारी निर्णय वाटतो. २०११ मध्ये इंग्लंडचे राजपुत्र विल्यम यांच्या विवाहाला आलेल्या पाहुण्यांपैकी ३६ जणींच्या डोक्यावर ट्रेसी यांच्या टोप्या होत्या.

तो सोहळा पाहण्यास इझाबेला ब्लो नव्हत्या. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या ग्लॉस्टर कॅथीड्रलमध्ये त्या विद्यार्थ्याचे शिरोभूषण लेऊन त्या विवाहाला उभ्या राहिल्या होत्या, तेथेच त्यांचा अंत्यविधी झाला. वेताच्या शवपेटीवर फुलांच्या जागी ट्रेसी यांची एक टोपी ठेवली होती.