दाताची कॅप तुटली आणि रस्ता बंद!

ज्यांच्या गावात रेंज एकाच झाडाखाली येते, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. ऐकता नाही आलं तर वाचा.

जुलैमध्ये आम्ही चार मित्र चंद्रपूरहून हेमलकसाला गेलो होतो, लोकबिरादरी प्रकल्प बघायला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडात 'कट्ट' झालं. खालच्या डाव्या दाढेवरची कॅप! अर्धी हातात आली, अर्धी दाढेवरच राहिली. बाहेर धो धो पाऊस. आलापल्लीच्या रस्त्यावर नाल्याला पूर, म्हणजे साठेक किलोमीटरचा तो रस्ता बंद. पलीकडे पर्लकोटेच्या पुलावर पाणी, म्हणजे भामरागडही तुटलेलं. जाता कुठे?

गंमत म्हणजे दुखत काहीच नव्हतं. मी म्हटलं, चला, वाचलो. महिनाभराने बघू.

हीच चूक बहुतेक जण करतात. माझ्या त्या दाढेचं रूट कॅनल झालेलं होतं. त्यात दातातली नस काढून टाकतात. नसच नाही तर दुखणार कोण? कॅप फुटली की त्या फटीतून लाळ आणि अन्नाचे कण आत जातात आणि कीड गुपचूप खाली उतरते. शिवाय असा दात ठिसूळ असतो. कॅपशिवाय त्यावर जोरात चावलं आणि तो मुळापर्यंत उभा चिरला, तर मग बहुतेक वेळा काढावाच लागतो. रूट कॅनल न करता कॅप बसवली असेल तर गार पाण्याने झणका बसतो. ते एका अर्थी बरं, निदान माणूस धावतो तरी.

संध्याकाळी रेंज आली. कॅप बसवणाऱ्या मॅडमना चंद्रपूरला फोटो पाठवला. त्यांचा पहिला प्रश्न, "काय खाल्लंस?"

"फुटाणे, मॅडम."

"खरं सांग."

खर्रा होता, मंडळी. मित्राने दिलेला. त्यातला सुपारीचा तुकडा दगडासारखा असतो, कॅपवरची पोर्सेलिन त्याने सहज उडते. मॅडमनी आणखी एक गोष्ट ऐकवली, ती जास्त लागली. खर्रा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू आखडतं. मागच्या दाढेपर्यंत हत्यार जाईल एवढंही ते उघडत नाही, मग कॅप बसवायची कशी?

नंतर त्यांनी काय करायचं ते सांगितलं. तुटलेला तुकडा धुऊन डबीत ठेव, फेकू नको. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भर. चावायचं दुसऱ्या बाजूने. ब्रश मात्र तिथेही हलक्या हाताने फिरव. धारदार कडेने जीभ कापत असेल तर बिनसाखरेचं च्युइंगम त्यावर दाबून लाव. आणि फेविक्विक लावायचं नाही म्हणजे नाही! हिरडी भाजते आणि डॉक्टरांना पुढे काहीच नीट बसवता येत नाही.

कॅप न फुटता अख्खी निघाली तर गोष्ट वेगळी. ती आतून स्वच्छ करून, किंचित टूथपेस्ट लावून तात्पुरती बसवता येते. पण झोपताना काढायची, नाहीतर श्वासनळीत जायची भीती. नुसती गिळली गेली तर बहुतेक वेळा शौचावाटे पडते. पण गिळल्यावर खोकला किंवा धाप लागली तर थांबायचं नाही, थेट दवाखाना.

हेमलकशाचा दवाखाना समोरच होता. १९७३ साली बाबा आमट्यांनी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी सुरुवातीला झाडाखाली पेशंट तपासले. साप चावलेले, अस्वलाने फाडलेले, अडलेल्या बाळंतिणी, सगळे जंगलातून तिथे येत आले. त्या रांगेत मी कॅपचा तुकडा घेऊन उभा राहणार? लाज वाटली. मॅडम म्हणाल्या, "आज नको जाऊस. पण गालावर सूज, ताप, तोंड उघडेना किंवा थुंकी गिळता येईना, यातलं एक जरी झालं तरी लगेच जा. ते इन्फेक्शन गळ्यात उतरतं आणि श्वास अडतो. तेव्हा तूही त्या रांगेतलाच."

दोन रात्री मी आरशात गाल बघत काढल्या. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, आलापल्ली, आष्टी करत चंद्रपूर गाठलं.

मॅडमनी उरलेली कॅप कापून काढली. एक्स-रे काढला. कडेला कीड होती आणि ती तीन दिवसांतली नव्हती. कॅपची कड आधीच सैल झाली असणार, तिथून बऱ्याच महिन्यांपासून झिरपत होतं. मला पत्ताच नाही. कीड साफ करून, दात पुन्हा बांधून, माप घेतलं. आठवड्याने झिर्कोनियाची नवीन कॅप बसली. खर्च ऐकून घाम फुटतो हे खरं. परवडत नसेल तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हेच काम खूप कमी पैशात होतं, फक्त चकरा जास्त.

आता कॅपवाले कोणी पावसाळ्यात भामरागडकडे निघत असाल तर आधी एकदा दाखवून घ्या. कडेला दोरा अडकतो का, तिथून वास येतो का, हे घरीही कळतं. माझ्या दाढेपाशी दोरा अडकत होता, चांगला दिवाळीपासून.