‘इन्’चे ‘इम्’, ‘इल्’, ‘इर्’ का होते?

पॉसिबल–इम्पॉसिबल, लीगल–इल्लीगल, रेग्युलर–इर्रेग्युलर. विरुद्धार्थी शब्दांची ही यादी मुलांकडून घोकून घेतली जाते. खरे तर इथे तीन उपसर्ग नाहीतच. लॅटिनमधून आलेला ‘इन्’ हा एकच नकारार्थी उपसर्ग पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो.

‘इन्पॉसिबल’ असे मोठ्याने म्हणून पाहा. ‘न्’साठी जिभेचे टोक वर दातांमागे टेकते, पण लगेच ‘प’साठी ओठ मिटावे लागतात. ओठ जरा आधी मिटले की ‘न्’चा ‘म्’ होतो. म्हणून प, ब, म यांच्याआधी ‘इम्’ येतो: इम्पेशंट, इम्बॅलन्स, इम्मॅच्युअर. ‘संताप’मधला अनुस्वार आपण ‘न्’ म्हणतो आणि ‘संपत्ती’मधला ‘म्’, तेही याच कारणाने. ‘ल’ आणि ‘र’पुढे तर ‘न्’ त्यांच्यातच मिसळून जातो: इल्लिटरेट, इर्रिस्पॉन्सिबल. आपल्याकडे ‘तत्’ आणि ‘लीन’ मिळून ‘तल्लीन’ होते, तसाच हा संधी.

मग ‘अनपॉप्युलर’चे ‘अम्पॉप्युलर’ का होत नाही? कारण ‘अन’ हा इंग्रजीचा घरचा, जुना जर्मानिक उपसर्ग आहे. ‘इन्’चे बदल लॅटिनमध्येच होऊन गेले होते, इंग्रजीने ते शब्द तयार रूपातच घेतले. कधी कधी एकाच कुळात दोन्ही उपसर्ग भेटतात. अनेबल पण इनॅबिलिटी, अनस्टेबल पण इन्स्टॅबिलिटी, अनजस्ट पण इन्जस्टिस. अशा जोड्या मात्र लक्षातच ठेवाव्या लागतात.

संस्कृतातला ‘अ’ किंवा ‘अन्’ हाही याच दोघांचा भाऊबंद आहे. अशक्य, अनावश्यक या शब्दांतला नकार आणि इम्पॉसिबल, अननेसेसरी यांतला नकार एकाच प्राचीन मुळातून आले आहेत.

आता फसवे शब्द. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याचे मोल करता येत नाही असे, म्हणजेच आपले ‘अमूल्य’. ‘इन्फेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. सर्वांत धोक्याचा शब्द ‘इन्फ्लेमेबल’. पेट्रोलच्या टँकरवर तो दिसतो. त्यातला ‘इन्’ नकाराचा नाही. तो ‘आत’ या अर्थाचा वेगळाच लॅटिन उपसर्ग आहे. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारे. वाचणाऱ्याची गफलत होऊ नये म्हणून आता पुष्कळ ठिकाणी नुसते ‘फ्लेमेबल’ लिहितात. न पेटणाऱ्यासाठी ‘नॉनफ्लेमेबल’ असा शब्द आहे.

मुलांना शिकवताना यादी देण्याआधी शब्द मोठ्याने म्हणायला लावा. उपसर्गाचे रूप उच्चारातून उलगडेल. अर्थासाठी मात्र शब्दकोश उघडायची सवय लावाच.