कळूनही गप्प राहिल्यास: पॉक्सो काय सांगतो

पॉक्सो म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, 2012 चा. 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू. 18 वर्षांखालील प्रत्येक जण ‘बालक’.

• कलम 19 : मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा होण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक. शेजारी, शिक्षक, डॉक्टर, घरची माणसेसुद्धा. पोलिसांनी माहिती लिहून घ्यायची, नोंद क्रमांक द्यायचा, लिहिलेले वाचून दाखवायचे.

• कलम 21 : न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही. बालकाला ही शिक्षा नाही.

• सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

• चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहातील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात माहिती दडवणे गंभीर गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले.

• चाइल्डलाइन : 1098