‘रामदास’ बोट आणि बिनतारी यंत्राचा अभाव

मुंबई आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील रेवस यांच्या दरम्यान उतारूंची ने-आण करणारी ‘रामदास’ ही आगबोट १९३६ मध्ये स्वॅन अँड हंटर या इंग्रजी कंपनीच्या गोदीत बांधली गेली. तिची लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट आणि नोंद ४०६ टनांची होती. स्वदेशीच्या चळवळीतून उभी राहिलेली तिची मालक संस्था कोकणात ‘माझी आगबोट कंपनी’ या नावाने ओळखली जाई, आणि बोटींना संतांची नावे दिल्यामुळे भाविक उतारूंना त्या आपल्याच वाटत.

१७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या अमावास्येच्या सुमारास, सातशेहून अधिक माणसे घेऊन ‘रामदास’ सकाळी आठ वाजता भाऊच्या धक्क्यावरून सुटली. अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन भरतीचे पाणी नेहमीपेक्षा चढते, त्यालाच उधाण म्हणतात; त्यात पावसाळी वारा मिसळला. सुमारे अर्ध्या तासाने काशाच्या खडकाजवळ एका प्रचंड लाटेने बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि ती उलटली.

कललेले जहाज पुन्हा सरळ होते, ते पाण्याचा वर उचलणारा जोर कललेल्या बाजूकडे सरकत असल्यामुळे. परंतु जहाजावरील वजनच त्या बाजूला गेले, तर हा सावरणारा जोर निकामी होतो. वरच्या डेकवर दाटीने बसलेली माणसे हे असेच उंचावरचे आणि सैल वजन असते, आणि अरुंद बोटीला ते फार काळ पेलत नाही.

तरीही सहाशेहून अधिक बळींचा दोष एकट्या लाटेवर टाकता येत नाही. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते आणि जीवरक्षक साधने अपुरी होती. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’च्या बिनतारी हाकेमुळे ‘कार्पेथिया’ने सातशेच्या आसपास जीव वाचवले होते, आणि नोव्हेंबर १९२७ च्या वादळात ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्याने या किनाऱ्याला इशाराही मिळाला होता. तरी मुंबईसारख्या मोठ्या बंदराला, हाकेच्या अंतरावर घडलेल्या या आकांताची वार्ता दुपारी, काही जण पोहत काठाला लागल्यावर कळली. तोवर ज्यांचे प्राण वाचले, त्यांतील बहुतेकांना रेवसच्या कोळ्यांनी वाचवले होते. त्यांनी धरलेली मासळी समुद्रात लोटून आपल्या होड्यांत माणसे ओढून घेतली.

आजही गेटवे किंवा भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि लाँच सुटण्यापूर्वीच ते अंगावर चढवावे.