लेकीची तक्रार आणि कॉलेजची समिती

प्रवेशाचे दिवस आले की पालक कॉलेजात चौकशीला येतात. फी किती, हॉस्टेल आहे का, शेवटची बस किती वाजता, सगळे विचारून घेतात. मी वीसेक वर्षे शिकवते आहे. पण 'मुलीला कुणी त्रास दिला तर तक्रार कुणाकडे करायची?' असे विचारणारे पालक फार थोडे भेटले. विषय निघाला की आवाज खाली येतो. मराठी घरात 'अब्रू' म्हणतात, शेजारच्या कन्नड घरात 'मर्यादे' म्हणतात; भीती मात्र एकच. म्हणून आज थोडे मोकळेपणाने बोलू या.

ही तक्रारीची सोय सहजासहजी मिळालेली नाही. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरी देवी यांच्यावर 1992 साली सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये 'विशाखा' निकाल दिला आणि कामाच्या ठिकाणी तक्रार समिती आवश्यक ठरली. तरी समित्या नीट चालत नव्हत्या. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी तसे न्यायालयाला कळवले. त्यांच्या पत्राचीच याचिका झाली आणि 2012 मध्ये निकाल आला. पुढे 2013 चा कायदा झाला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे नियम कॉलेजांना लागू झाले.

या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा वरिष्ठ पदांवरच्यांना समितीत जागा नाही. कारण उघड आहे: ज्यांच्या हाती गुण आणि नोकऱ्या, त्यांच्यासमोर मुलगी काय बोलणार?

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर मदत करणे समितीचे काम आहे. सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्याला जाते, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचे, आणि 90 दिवसांत चौकशी संपवायची. चौकशी चालू असताना त्या प्राध्यापकाला मुलीचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येते. आणि एक महत्त्वाचे: आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

मग घोडे अडते कुठे? आपल्या शेजारच्या गोव्यातलेच उदाहरण पाहा. 2009 साली गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीच्या एकूण 18 बैठका झाल्या. त्यांतल्या बऱ्याचशा मे महिन्यात घाईघाईने उरकल्या. 2010 मध्ये त्या प्राध्यापकाला सेवेतून काढले. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. पण 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि चौकशी मे 2009 च्या टप्प्यापासून पुन्हा करायला सांगितली. आरोपीला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नव्हता, हे कारण.

तो निर्दोष ठरला, असे न्यायालयाने म्हटले नाही. तक्रारी खोट्या होत्या असेही नाही. घाईमुळे 14 वर्षांनी सारे पुन्हा चौकशीच्या मेजावर आले, एवढेच. त्या मुलींचे शिक्षण तोवर कधीच संपले असणार. आता पुन्हा साक्षीला या, पुन्हा तेच सांगा! आरोपीला न्याय्य संधी देणे म्हणजे त्याची बाजू घेणे, असा आपल्याकडे समज आहे. मला वाटते, नेमके उलट आहे. चौकशी जितकी नियमाने होईल, तितका मुलीच्या बाजूचा निकाल टिकेल. प्रकरण दाबणारी समिती जितकी घातक, तितकीच जनक्षोभ शमवायला निकाल उरकणारीही.

त्याच निकालात, समित्या खरोखर नेमल्या आहेत का हे तपासा, असेही न्यायालयाने बजावले. ते काम फक्त सरकारचे नाही. कॉलेजच्या फलकावर समितीची नावे आहेत का, बाहेरचा सदस्य कोण, हे पालकांनी विचारावे. संकोच वाटायचे कारण नाही.

आणि घरी लेकीला एवढे सांगून ठेवा: काही घडले तर तारीख, वेळ, जागा त्याच दिवशी लिहून ठेव, मेसेज पुसू नकोस, आणि आम्हाला सांग, कॉलेज बंद करणार नाही. शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे. कारण त्रास देणाऱ्यापेक्षाही, 'घरी कळले तर शिक्षण थांबेल' या धास्तीनेच आपल्या कितीतरी मुली गप्प बसतात.