पिस्तुलाची मागची खांच

आमच्या पुसदच्या घरांत शस्त्र म्हणतां येईल अशा वस्तु आजवर तीनच होत्या : विळी, अडकित्ता आणि गोठ्यांतील कोयता. गेल्या दिवाळींत त्यांत एका पिस्तुलाची भर पडली. माझ्या धाकट्या बंधूंची नात आतां पंधरा वर्षांची आहे. तिनें नेमबाजीचा छंद घेतला, आणि तिच्या वडिलांनीं एका जुन्या खेळाडूकडून हवेच्या दाबावर चालणारें, साडेचार मिलिमीटरचा छर्रा फेंकणारें जर्मन बनावटीचें पिस्तुल विकत आणलें. एकत्र कुटुंबांत अशी वस्तु आली म्हणजे तिच्याविषयीं मत नसलेलें माणूस उरत नाहीं. माझी पत्नी म्हणाली, "देवघरापासून लांब ठेवा म्हणजे झालें." सुनेनें किंमत विचारली. मी संस्कृताचा जुना मास्तर. मला अर्जुन आठवला. पुढील साऱ्या घोटाळ्याचें मूळ तेथेंच आहे, म्हणून तो क्रमानें सांगतों.

मुलीच्या मनांत हें वेड भरलें तें कोल्हापूरच्या राही सरनोबत हिच्यामुळें. २०१३ सालीं दक्षिण कोरियांतील चांगवॉन येथें विश्वचषक-स्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक राहीनें मिळविलें. पुढें २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत, इंडोनेशियांतील पालेम्बांग येथें, तिची व थायलंडच्या एका स्पर्धक मुलीची ३४ गुणांवर बरोबरी झाली. निर्णयासाठीं जादा फेरी घेतली, तींतहि बरोबरी. तेव्हां दुसऱ्या जादा फेरींत राहीनें सरशी केली. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचें सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या वेळीं आमची मुलगी आठ वर्षांची होती, आणि वर्तमानपत्रांतील तें चित्र तिनें कापून भूगोलाच्या वहींत ठेवलें होतें. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिच येथें जागतिक विजेतेपद मिळविलें आणि त्याच जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत कांस्यपदक. परंतु तीं दोघें रायफलवालीं. त्या रायफलीला मागें बारीक भोंक असतें, त्यांतून पाहावयाचें. पिस्तुलाला भोंक नाहीं, खांच असते. आणि माझा विषय ही खांच आहे.

नळीच्या पुढच्या टोंकावर एक उभा चौकोनी दांडा असतो. त्याला आपल्याकडील बंदुकवाल्यांनीं 'माशी' असें फार योग्य नांव दिलें आहे. मागच्या टोंकाला आडवी पट्टी असून तिच्या मध्यभागीं चौकोनी खांच कापलेली असते. डोळ्याला माशी त्या खांचेंत बसलेली दिसली पाहिजे : माशीचा माथा पट्टीच्या वरच्या कडेशीं एका रेषेंत, आणि तिच्या दोन्ही अंगांस प्रकाशाच्या दोन सारख्या फटी. आमच्या पिस्तुलाची माशी पक्की बसविलेली आहे. खांचेची पट्टी मात्र दोन पेंचांनीं हालते. एक पेंच तिला डावीउजवीकडे नेतो, दुसरा वरखालीं. पेंच फिरतांना बारीक आवाज होतो, त्याला मुलगी 'टिचकी' म्हणते. एका टिचकीनें छर्रा दहा मीटरवर सुमारें दोन मिलिमीटर सरकतो.

नियम एका ओळीचा आहे. छर्रा जिकडे जावा असें वाटतें तिकडे खांच सरकवावी. छर्रे डावीकडे पडत असतील तर खांच उजवीकडे, खालीं पडत असतील तर खांच वर. कारण उघड आहे : खांच उजवीकडे गेली कीं माशीला पुनः तिच्या मध्यावर आणण्यासाठीं हात आपोआप नळीचें तोंड उजवीकडे वळवितो.

आमच्या मागल्या दाराच्या उंबऱ्यापासून गोठ्याच्या मातीच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर भरले. भिंतीशीं वाळूची पेटी, तिच्यावर पुठ्ठ्याचें लक्ष्य. सराव चालू असेपर्यंत परसाकडील फाटकाला आंतून कडी आणि धुणें वाळत घालण्यास बंदी, असा कायदा झाला. लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचें वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर रुंदीचें, म्हणजे टपोऱ्या काबुली हरभऱ्याहून किंचित् मोठें. त्याबाहेर आठ-आठ मिलिमीटरांवर नऊ, आठ, सात असे गुण उतरत जातात. सातांपर्यंतचा भाग काळा. नेम मात्र त्या काळ्याच्या मध्यावर धरीत नाहींत, कारण काळ्यावर काळी माशी दिसत नाहीं. काळ्याच्या खालीं थोडी पांढरी पट्टी सोडून माशी धरतात आणि मागची खांच इतकी वर चढवितात कीं छर्रा मध्यावर जावा.

हें ऐकून मीं तिला अर्जुनाची गोष्ट सांगितली. मूळ आदिपर्वांत तो पक्षी म्हणजे कारागिरांकडून करविलेला कृत्रिम 'भास' आहे, आणि अर्जुनाला दिसतें तें त्याचें मस्तक. डोळा मागाहून कथेकऱ्यांनीं घातला. "तूंहि असेंच लक्ष्याखेरीज कांहीं पाहूं नको," असें मीं म्हणतांच ती हंसली. "आजोबा, आमच्यांत पक्षी पाहायचाच नसतो. माशी पाहायची. पक्षी धूसर दिसला पाहिजे."

मला तें पटेना. म्हणून मीं लीलावतींतील त्रैराशिक मांडलें. माशी व खांच यांमधील अंतर पट्टीनें मोजलें, तें ३६ सेंटिमीटर भरलें. लक्ष्य १००० सेंटिमीटरांवर. म्हणजे माशी खांचेंत एक मिलिमीटर बाजूला बसली तर छर्रा सुमारें अठ्ठावीस मिलिमीटर बाजूला जाणार. दहाच्या जागीं सहा-सात गुण पदरांत. उलट माशी खांचेंत नीट बसली असून सबंध हातच एक मिलिमीटर बाजूला हालला, तर छर्राहि एकच मिलिमीटर हालतो. मानवी डोळा खांच, माशी आणि लक्ष्य या तिन्हींवर एकदम स्थिर होत नाहीं. मग जेथील चूक अठ्ठावीस पट होते तेथेंच तो लावावा हें शहाणपणाचें. धनुष्याला खांच-माशी नव्हती. अर्जुनाला तो प्रश्न पडला नाहीं. मुलीचें म्हणणें खरें ठरलें आणि मी ओशाळलों. परंतु दुर्दैवानें पुरता ओशाळलों नाहीं.

पहिल्या आठवड्यांत तिचे छर्रे लिंबाएवढ्या पुंजक्यांत, पण मध्यापासून दोन सेंटिमीटर डावीकडे पडत. मीं हिशेब केला : दोन सेंटिमीटर म्हणजे दहा टिचक्या. पेंचाजवळ बाण कोरून 'आर' हें रोमन अक्षर होतें. आर म्हणजे उजवी बाजू, इंग्रजींतहि आणि जर्मनींतहि. मीं चष्मा लावून बाणाच्या दिशेनें दहा टिचक्या फिरविल्या आणि आरामखुर्चींत जाऊन बसलों. दुसऱ्या दिवशीं छर्रे चार सेंटिमीटर डावीकडे, काळ्याच्या बाहेर.

येथें माझ्यांतला मास्तर जागा झाला. हत्यार तर मीं सुधारलें. तरी दोष वाढला. तेव्हां दोष हातांत आहे! उजव्या हाताचा नेमबाज चाप झटक्यानें ओढतो तेव्हां छर्रा डावीकडे खालीं जातो, असें मीं कोठेंसें वाचलें होतें. तिचे छर्रे डावीकडे होते, पण खालीं मुळींच नव्हते, ही गोष्ट माझ्या लक्षांत आली नाहीं. अठरा दिवस मीं तिला चाप हळू ओढावयास लावलें. ती बिचारी मूठ बदलून पाहूं लागली, मनगट उजवीकडे वांकवूं लागली. लिंबाएवढा पुंजका नारळाएवढा झाला. एके रात्रीं पंगतींत, सर्वांसमक्ष, मीं म्हणालों, "मुलीची एकाग्रता कमी पडते." पुतण्यानें मान हालविली. "मग दहावीचें वर्ष आहे, विकून टाकूं." मुलगी कांहीं बोलली नाहीं. पानांतला भात संपवून उठली.

सकाळीं सहाच्या सुमारास मागल्या दारीं टक् टक् असा आवाज झाला. माझी पूजा चालली होती. थोड्या वेळानें ती आली आणि माझ्यापुढील पोथीच्या शेजारीं दोन पुठ्ठे ठेवले. ज्वारीचें अर्धें पोतें टेबलावर ठेवून, त्यावर मनगट टेंकून, तिनें पांच छर्रे मारले होते. मग 'आर' च्या दिशेनें दहा टिचक्या देऊन आणखी पांच. पहिल्या पुठ्ठ्यावर पुंजका पुनः लिंबाएवढा, चार सेंटिमीटर डावीकडे. दुसऱ्यावर तसाच, सहा सेंटिमीटर डावीकडे.

"आजोबा," ती म्हणाली, "हात पोत्यावर होता."

कांहीं जर्मन बनावटींत पेंचाजवळील अक्षर छर्रा कोठें न्यावयाचा हें सांगत नसून तो कोठें पडत आहे हें सांगतें : उजवीकडे पडत असेल तर या बाजूस फिरवा. म्हणजे आमच्या कामीं नेमकें उलट. हें कळण्यास जर्मन येण्याचीहि गरज नव्हती. दहा टिचक्यांत खांच सुमारें पाऊण मिलिमीटर सरकते. तें साध्या डोळ्यांस दिसतें. मीं चष्मा लावून अक्षर वाचलें, खांच पाहिली नाहीं. चाळीस वर्षें मुलांच्या वह्यांवर 'ताळा पाहा' असा शेरा लिहिणाऱ्या माणसानें ताळा पाहिला नाहीं, आणि पंधरा वर्षांच्या मुलीनें तो पाहिला.

तीस टिचक्या उलट दिल्या. पोत्यावरचा पुंजका आणि मोकळ्या हाताचा पुंजका तंतोतंत एका जागीं पडत नाहींत. दोन टिचक्यांचा फरक राहिला, तो तिनें काढला. माझ्या आग्रहापायीं जडलेली मनगट वांकविण्याची खोड मात्र जावयास महिना लागला. ती टिचक्यांनीं जाण्यासारखी नव्हती.

त्या रात्रीं पंगतींत मीं सांगितलें कीं, चूक माझी होती, मुलीची नव्हे. आणि एकाग्रतेविषयीं जें बोललों तें मीं परत घेतों. पत्नी वरण वाढीत होती, तिचा हात क्षणभर थांबला. आमच्या घरीं वडीलधाऱ्यांनीं असें बोलण्याची चाल नाहीं. माझ्या वडिलांच्या तोंडून तर मीं तें कधीं ऐकलें नाहीं. पुतण्या म्हणाला, "राहूं द्या मग पिस्तुल." मुलीनें तूप मागितलें.

आतां ती कोणाला विचारीत नाहीं. एका छर्र्यावरून पेंचाला हात लावीत नाहीं. पांच छर्रे मारते, पुंजक्याचा मध्य काढते, पिस्तुल रिकामें असल्याची खात्री करून, त्याचें तोंड लक्ष्याकडेच ठेवून टिचक्या देते आणि त्या वहींत लिहिते. स्पर्धेंत मुख्य साठ छर्र्यांना पंचाहत्तर मिनिटें असतात, आणि त्यापूर्वीं तयारीसाठीं पंधरा मिनिटें, त्यांत हवे तितके छर्रे मारून पाहतां येतात. त्या पंधरा मिनिटांत खांच लावून व्हावी, म्हणून ती घड्याळ लावून सराव करते.

एक भांडण मात्र अजून मिटलेलें नाहीं. संध्याकाळचा पुंजका सकाळच्यापेक्षां चार-पांच मिलिमीटर वर जातो. माझ्या मतें मावळतीचें ऊन गोठ्याच्या पत्र्यावरून माशीवर पडतें. तिच्या मतें दिवसभराच्या शाळेनंतर हात थकतो. मीं पत्र्यावर गोणपाट टाकावें आणि तिनें सुटीच्या दिवशीं संध्याकाळीं मारून पाहावें, असें ठरलें आहे. पुठ्ठे दोघांनीं मिळून मोजावयाचे.