कोरड्या हवेची बाग

सोलापूर-अहिल्यानगरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात वर्षाला साधारण 500 ते 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. तिथे बंगल्यापुढे हिरवळ लावायची म्हणजे उरलेले आठ महिने ती टँकरवर पोसायची. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला रोज पाच मिलिमीटर दिले, तर शंभर चौरस मीटरला 500 लिटर लागतात. इतक्या पाण्यात एका कुटुंबाचा दिवस निघतो. म्हणून बागेचा आराखडा झाडांच्या हौसेवरून नव्हे, पाण्यावरून ठरवावा.

रुक्ष दिसेल, हा आक्षेप मला पटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, एप्रिल-मेच्या कडक उन्हात बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो. तरवड माळावर आपसूक फुलतो, गुरेही त्याला तोंड लावत नाहीत. कुंपणाला अडुळसा, निरगुडी, सावलीला कडुनिंब, करंज. देशी झाडांना पाणी लागतच नाही, हा समज मात्र चुकीचा. पहिले दोन-तीन उन्हाळे त्यांना जपावेच लागते. आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात; रोजच्या शिंपण्याने ती वरच राहतात. आळ्यात चार बोटे पालापाचोळा अंथरावा, फक्त बुंध्याला चिकटू देऊ नये. नुसती खडी पसरून चार निवडुंग लावण्याची हल्लीची पद्धत पाणी वाचवते खरी, पण खडी दुपारी तापते आणि घराच्या भिंतीही तापवते. सावली देणारे एक झाड तिथे आधी हवे.